कागदाची जाडी

सरकारी लिलावातून घेतली, रांगेतली सातवी.
मालकाचं नाव नाही. चौकटीतला सैन्याचा शिक्का,
आणि दस्त्यावर चाकूने ओढलेल्या पाच रेघा.
काउको म्हणतो, माणसं.
मी म्हणते, रजेला उरलेले दिवस.
आम्हा दोघांनाही ठाऊक नाही.

लाकूड उतरवलं तर आत रशियन कारखान्याची खूण,
साल अठराशे शहाण्णव.
सांगाडा शत्रूचा, नळी आमची फिनलंडची.
संसार मात्र टिकला.

अशा बंदुकीला आधी विचारावं लागतं.
मऊ शिशाचा गोळा तेलात बुडवून
लाकडी दांड्याने ठोकत ठोकत नळीतून पार काढला.
बाहेर आला तो अंगावर आटे घेऊन.
माप घेतलं: पुस्तकापेक्षा केसभर रुंद.
पुस्तकातली गोळी हिच्यात
थोरल्याच्या सदऱ्यातल्या धाकट्यासारखी.
मग एक नंबर जाड मागवली, दोन महिने वाट पाहिली.

काडतुसाचं पितळ एकदा हिच्या पोटात फुललं
की मी ते पुन्हा सगळं दाबत नाही.
मानेपुरतं दाबते, गोळी धरण्यापुरतं.
बाकीच्या अंगाला हिची ओळख राहू दे.

दारू दाण्यादाण्याने तोलते,
सौनाच्या ओसरीवर, दार लावून, झुळूकही नको.
एक तोलायची त्या संध्याकाळी
दुसरी प्यायची नाही, एवढा एक नेम पाळते.
तक्त्यातला वरचा आकडा तरुणांसाठी.
हिला खालचाच मानवतो;
सव्वाशे वर्षांच्या बाईला कोण पळायला लावतं?

आणि तरीही उन्हाळाभर
कुहमोच्या पुढे, जुन्या खडीच्या खाणीत,
शंभर मीटरवर माझा कागद चाळणी.
दोन वर, तीन खाली डावीकडे,
पुढच्या खेपेला उलट.
दारू बदलली. गोळी आत ढकलली, बाहेर ओढली.
"डोळे तपासून घे, सैमा," काउको म्हणाला.
तपासले. डोळे बरे निघाले,
डॉक्टरने रक्तदाबाची गोळी लावली.
ती तेवढी रोज नेमकी लागते.

ऑक्टोबरात, खिळ्यांच्या डब्यात खिळा शोधताना,
हाती आली ती तेलकट काळी घडी.
वसंतात साफसफाई करताना
नळीच्या बुडाखालून मीच उपसली होती,
कचरा म्हणून.

सौनाच्या वाफेवर धरून हळूच उलगडली.
पेन्सिल. बाईचं अक्षर, किंवा मुलाचं.
*बटाटे काढून झाले. मुस्तिक्कीला
वासरू झालं, कालवड आहे. तू*
आणि पुढे फाटलेलं.

बराच वेळ चूल विझू दिली.

नंतर घडी पुन्हा घातली, चारपदरी,
आणि मायक्रोमीटरच्या दोन ओठांत धरली.
तेवढ्याच जाडीचं तांबं कापलं,
कानशीने कडा मारल्या, नळीखाली बसवलं.

उणे चार. वारा नाही. पाच बार.
पाचही कॉफीच्या कपाच्या तोंडात.
काउको दुर्बिणीतून पाहत राहिला
आणि पहिल्यांदाच डोळ्यांविषयी बोलला नाही.

कुठल्यातरी खंदकात, बर्फात,
माप नसताना, तक्ता नसताना,
त्याला कळलं होतं हे.
दोन पदरी लावून पाहिलं असेल, मग तीन.
खिशात होता तोच कागद होता.

वहीत लिहिलं: तारीख, दारू, तापमान.
*नळीखाली तांबं. जाडी कागदाइतकी.*
कागद त्याच पानात ठेवलाय.
सपाट करून ठेवायचा होता,
पण हात काढला की
तो आपला पुन्हा मिटतो,
त्याच घड्यांवर.