धागा तुटला की

वडगावात आमचे दोन माग होते.
एक खोलीभर, दुसरा अर्ध्या खोलीत,
उरलेल्या अर्ध्यात आम्ही पाच जण.
आई ओठांनी बोलायची, आम्ही डोळ्यांनी ऐकायचो.
त्या खडखडाटात आवाजाचं काही चालायचंच नाही.

खरं, ताण्यातला एक धागा तुटला
की तिला कळायचं.
भाकरी थापता थापता उठायची,
पिठाचा हात तसाच दांड्यावर,
माग बंद.
ती शहापूरला सूत आणायला गेली
की माग आपला विणतच राहायचा,
वीतभर, हातभर, दोन हात,
मधोमध एक रिकामी रेघ घेऊन.
संध्याकाळी मालक साडी उजेडात धरायचा
आणि त्या रेघेतून आमच्याकडं बघायचा.

पुढं मी उद्यमबागेत लागलो,
बोअरिंगच्या मशीनवर.
एका पावसाळ्यात हिट्टणगी सर शिकवायला आले,
बिडदीला गाड्यांच्या कारखान्यात नऊ वर्षं काढलेले.
त्यांच्या कन्नडात मराठी, आमच्या मराठीत कन्नड,
आणि मधेच एखादा जपानी शब्द,
सगळ्यांनाच सारखा परका,
म्हणून त्याच्यावरून भांडण नाही.
कानबान म्हणजे एक चिठ्ठी:
हवं तेवढंच, हवं तेव्हाच.
गुंडू कंग्राळकर म्हणाला, हे काय शिकवायचं गा,
आमच्या घरी मीठ संपलं की मीठ येतं.

मग सरांनी गोष्ट सांगितली.
तिकडं एका खेड्यात सुताराचा पोरगा,
आई रात्री मागावर.
त्यानं आधी लाकडाचा माग केला, मग लोखंडाचा,
आणि शेवटी असा,
की धागा तुटला की आपला आपण थांबेल.
त्या मागाचा हक्क विलायतेला विकला,
आणि त्याच्या पोरानं मागाच्याच कारखान्यात
एका कोपऱ्यात इंजिन मांडलं.
पहिले ब्लॉक वाळूतून निघाले ते भोकं पडलेले.
इथं फाउंड्रीवाले सगळे एकदम हसले,
आपल्यातला कुणी सापडल्यासारखे.

आडनाव होतं तोयोदा, गाडी झाली टोयोटा.
त्यांच्या लिपीत दोन टिंबं काढली
की आठ फटकारे उरतात, आणि आठ शुभ.
दोनच टिंबं? कुणीतरी विचारलं.
दगडफेक नाही? बंद नाही?
खिडकीबाहेर बसथांब्याच्या पाटीवर
एका लिपीवरचं डांबर अजून ओलं होतं.
सरांनी चष्मा पुसला.

आमच्या डोक्यावर मग एक पिवळी दोरी आली.
चूक दिसली की ओढायची, कुणीही.
तीन महिने ती नुसती लोंबत होती,
गुंडूनं तिच्यावर हातमोजे वाळत घातले.
मी ओढली एका मंगळवारी,
बोअर तीन शतांश मोठा निघाला म्हणून.
दिवा लागला. सगळी लाइन गप्प.
सुपरवायझर पळत आला: कुणी थांबवलं?
सर हळूच म्हणाले, कुणी नाही.
याके, असं विचारा. पाच वेळा.

त्याच वर्षी आमचे माग गेले,
किलोच्या भावानं, एकाच टेम्पोतून.
बिडाच्या त्या चौकटी कुठल्या भट्टीत वितळल्या
कोण सांगणार.
चोर्ला घाटात एखादी इनोव्हा वळण घेताना
मी उगाच कान देतो.

रात्री आईला सगळं सांगितलं,
सुतार, माग, दोरी, आठ फटकारे.
तिनं पोळपाट धुऊन भिंतीला लावला.
आपला आपण थांबतो म्हणतोस?
होय. एक बाई तीस माग बघते.
थोडा वेळ ती काही बोलली नाही,
हात मात्र हवेत, जिथं पूर्वी दांडा होता.
मग बाकीच्या एकोणतीस जणी, म्हणाली,
कुठं गेल्या रे?

सर गुरुवारी येतात.
विचारायचं आहे.
पहिल्या उत्तरावर
सोडायचं नाही.