योग्य वय

फॉर्म तीन पानी. तिसऱ्या पानावर
'घरी बोलली जाणारी भाषा' असा रकाना,
तिथं पेन अडलंय सकाळपासनं.

राजारामपुरीतल्या बाई म्हणाल्या,
साडेतीन म्हणजे तसा उशीरच झाला हो,
अडीचला मेंदू कसा, ओल्या मातीसारखा.
मेव्हणा पाचगावात मास्तर. तो म्हणतो,
आधी मराठी मुरू दे लोणच्यागत,
मग आठव्या वर्षी घाल काय घालायचं ते वरनं.
मला पाचवीत लागली इंग्रजी.
कवठेकर गुरुजी इज-ॲम-आर तळहातावर मोजायचे.
छडी मोडली, तरी 'आर' कुठं लावायचा
ते अजून नक्की सांगता येत न्हाई.

एकोणिसाव्या वर्षी उद्यमनगरात लागलो.
तिथं कुणी शिकवलं न्हाई आणि सगळं आलं:
कोअर, मोल्ड, लेथ, बोअर, ओव्हरटाईम.
हे शब्द इंग्रजी आहेत हे लग्नानंतर कळलं,
तोवर ते घरचेच होते,
फडताळातल्या भांड्यांसारखे.
एकच परका वाटला.
सुपरवायझरनं खडूनं लिहिला होता
मी ओतलेल्या पहिल्या पंपाच्या बॉडीवर.
वाचता आला न्हाई. विचारायचीही गरज पडली न्हाई,
तो तुकडा उचलून पोरं परत भट्टीत टाकत होती.

रसाचं मला कळतं.
रंग बघून सांगतो, आता ओत, आता थांब.
गार ओतला तर साच्यात मधेच थिजतो,
फार तापवला तर वाळू जाळतो.
पोरीचं कळत न्हाई.
तिचा रंग घटकेघटकेला बदलतो,
आणि ती बसलीय उंबऱ्यात
चपलांची केएमटी करून, तिकिटं फाडत.

मुलाखतीत बाईंनी चित्र धरलं. व्हॉट इज धिस?
शिवन्यानं नीट बघितलं.
चंद्री, म्हणाली.
गंगावेशीच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी
जिच्या कासेखाली आमचा ग्लास फेसानं भरतो
तीच. शिंगांवरनं वळखली पोरीनं.
बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं, बारीक.
मी मान लांब करून बघितलं.
वाचता आलं न्हाई.

कामावरनं आलो की ती माझे हात तपासते,
इकडनं, तिकडनं,
बोटांच्या बेचक्यात काळं राहिलंय का.
मग तळव्यावर खडूची रेघ मारते:
ओके.
हे तिला कुणी शिकवलं, कितव्या महिन्यात,
वनिताला आठवत न्हाई, मलाही.

बाकीचं येईल तवा येईल,
अडीचला, आठला, पाचवीत, भट्टीसमोर.
तो एक शब्द मात्र तिला
जमेल तेवढा उशिरा भेटावा.
आणि भेटलाच, तर वाचता यावा.
कुणी लिहिला, का लिहिला,
त्याच भाषेत विचारता यावं.

रकान्यात शेवटी 'मराठी' लिहिलं.
वनिता म्हणाली, पुढं स्वल्पविराम दे की.
जागा शिल्लक आहे.