मेथीचा वास

अंबडच्या गेटवर रजिस्टरात नोंद :
रिकामा ड्रम, निळा, दोनशे लिटर, नग एक,
साडेचारशे रुपये पगारातून वजा.
कारणाच्या रकान्यापाशी स्टोअरकीपर अडखळला.
मी म्हटलं, लिही : मासे.

आधी कैरीच्या फोडी होत्या त्यात, खारात.
तळाशी त्रिकोणात दोनचा आकडा,
शेजारी पेला आणि काटा, झिजलेला.
तसाच आणखी एक निळा उभा होता, शंभराने स्वस्त,
लेबल खरवडलेला.
नाक नेलं तर डोळे चुरचुरले.
लोडिंगवरचा सलाउद्दीन म्हणाला, ताई, तो नको,
बॉयलरकडचा आहे तो.
मासे जाऊ द्या, त्यात सुका बोंबीलही मरेल.

रिक्षात ड्रम आत,
मी पाथर्डी फाट्यापर्यंत अर्धी बाहेर.

मग धुणं.
कढत पाणी, सोडा, पुन्हा कढत पाणी.
हात खांद्यापर्यंत आत, मग डोकंही.
आतून हाक मारली तर आपलाच आवाज
कुणा थोराड बाईचा वाटतो. दोनदा मारली.
साबण लावायचा नाही, हे त्याने
कुवेतहून तीनदा सांगितलं,
जशी काही मी त्याच्या एंजलना
उटणं लावून न्हाऊ घालणार होते.

गच्चीवर आठ दिवस आडवा, तोंड उन्हाकडे.
चिमण्या आत डोकावून गेल्या.
नवव्या दिवशी वास घेतला : मेथी, थोडा हिंग.
कमी झालाय, पण आहे.
प्लास्टिक लवकर विसरत नाही.

नळ पहाटे पाच चाळीसला येतो.
गंगापूर धरणाचं पाणी, पण औषधाचा झणका असा
की दात घासतानाही जाणवतो.
ते एक दिवस बसू द्यायचं,
तोंडावर जुनी ओढणी, आत हवेचा दगड, बुडबुड.
आधी बरणीत एकच गप्पी सोडली, बिनरंगाची,
कुणाला फार वाईट वाटू नये अशी.
रात्री दोनदा उठून टॉर्च मारला.
सकाळी ती काचेला तोंड लावून भुकेने रागावलेली.
त्या दिवशी मी चहात साखर जास्त घातली.

श्रावणाच्या अखेरीस सातपूरकडे मोठी लाइन फुटली.
एक दिवस म्हणाले, तीन झाले.
दुसऱ्या दिवशी घुलेकाका तांब्या घेऊन दारात.
एकतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये काढलेला माणूस,
त्यांनी पेला खिडकीच्या उजेडात धरला
आणि पाण्यात जलचिन्ह शोधलं.
मग घोट.
"लोणचं?"
"कैरीचं."
"मग दोन तांबे दे."

संध्याकाळपर्यंत जिन्यात बादल्याच बादल्या.
ड्रमच्या आत मी नेलपॉलिशने लाल रेघ मारली होती,
तिच्या खाली माशांचं.
पाठाडेबाई म्हणाल्या, माणसांपेक्षा मासे मोठे का गं?
मला उत्तर सुचलं नाही. झाकण लावलं.
रात्री अकराला त्यांच्या सुनेचं बाळ रडायला लागलं,
भिंत पातळ आहे आमची.
मी पातेलं भरलं, रेघेखालचं,
आणि बेल न वाजवता त्यांच्या उंबऱ्यावर ठेवून आले.

त्याचा व्हिडिओ कॉल बाराला.
दाखव, म्हणाला. मी फोन काचेवरून फिरवला.
एंजल वळले, पाठ करून उभे राहिले.
"पाणी बसलेलं आहे ना?"
"बसलेलं आहे."
"आणि तू?"
हे त्याने उशिरा विचारलं, पण विचारलं.
तेवढ्यात चित्र अडकलं,
त्याचं तोंड अर्धवट उघडं, मागे पंखा थांबलेला.

फोन ठेवून झाकण काढलं.
रेघेच्या चार बोटं खाली.
ओढणी पुन्हा नीट ताणली,
पाच पस्तीसचा गजर लावला.
आलं तर येईल.
बोटांना मेथी.