टबातली नदी

पकडीत आवळलेल्या सुईवर ट्यूब सरकवायची,
बोटाच्या दोन पेरांएवढी, आरपार पोकळ.
लायटर जवळ न्यायचा, टेकवायचा नाही.
कड वितळते, एवढासा ओठ काढते,
त्या ओठाला अडून राहतो दोरा.
इथवर मला पहिल्याच आठवड्यात जमलं.

ट्रॉन्डेलागात डिसेंबर. तीन वाजता अंधार.
सीगवार्ट चौतीस वर्षं फेरीबोटीचं इंजिन सांभाळायचा,
आता कपातली कॉफी बशीत येते
आणि बोटांत दोरा ठरत नाही.
म्हणून मी. शनिवारी, शेवटच्या बसच्या आधी.

पोटाला चांदीची जर, तिच्यावर तारेचे सात वेढे.
मग कोल्ह्याच्या शेपटीचे केस:
काळे, त्यावर जांभळे, त्यावर निळे,
नवरीला दागिने घालावेत तशी घालत गेले,
हात आखडता न घेता.
गालांवर रानकोंबड्याची पिसं, दोन कोरडे डोळे.
फुंकर मारली की अख्खी माशी शहारायची.
टेबलावर ठेवली, आणि शाबासकीची वाट बघत बसले.

तो उठला. भिंतीला धरत न्हाणीघरात गेला,
गार पाण्याने टब भरला,
माझी माशी दोरीला बांधून ओढली
नळापासून दुसऱ्या टोकापर्यंत.
ती कुशीवर पडली.
मग पोट वर. मग गरगर, दोरीला पीळ घालत,
वऱ्हाडातल्या प्यायलेल्या काकासारखी.

"देखणी आहे," सीगवार्ट म्हणाला. "टोपीला लाव."

त्या हिवाळ्यात माझ्या एकवीस माश्या कलंडल्या.
त्याची बायको तूर्दिस टॉवेल खांद्यावर टाकून
आंघोळीला शेजारी सुनीवाकडे जायला लागली.
बोलली काही नाही. दार मात्र आपटायची.

फेब्रुवारीत त्याने तिचाच कंगवा मागितला.
शेपटीचा झुबका माझ्या चिमटीत, कंगवा त्याच्या हातात,
आणि थरथरत्या हाताला साधेल असं काम एकदाचं सापडलं:
बुडाची मऊ लव गळत राहिली, गळत राहिली,
मांडीवर ढीग झाला, एक मांजर निघेल एवढा.
उरले ते मोजके लांब केस.

"आधी पुढे तोंड करून बांध.
आता मागे मोड. मोडलेलं ताठ उभं राहतं.
वजन पुढे, या पितळी टोपीत.
आणि पाण्याला जायला वाट ठेव, बाई.
तू सगळं भरून टाकतेस.
बोलतेसही तशीच."

बाविसावी हातात अगदीच रया गेलेली दिसत होती.
टबात सोडली तर पाठ वर ठेवून चालली,
केस आत मिटले, फुलले, मिटले,
शेपूट आपल्याच नादात.
सीगवार्टने टबाची कड सोडली नाही.
तूर्दिस दारात उभी होती, ओला टॉवेल घेऊन,
तीही बघत होती.

जूनमध्ये नदी बंद. सॅमन आलेच नाहीत पुरेसे;
पुलावर फलक लागला, खाली पहारेकरी आयविंड.
सीगवार्टने तरी बूट चढवले.
ट्यूबला हुक वेगळा लावायचा असतो,
तो आम्ही घरी ठेवला, कॉफीच्या डब्यात.
आयविंडने दोरीचं टोक उचलून पाहिलं,
पोकळ ट्यूबमधून माझ्याकडे पाहिलं,
"याने काय पकडणार?"
"काही नाही," सीगवार्ट म्हणाला, "पोहायला आणलंय तिला."

बर्फ वितळून आलेलं पाणी, चहाच्या रंगाचं.
माशी तिरकी गेली, धार लागताच सावरली,
आणि मोठ्या दगडामागच्या संथ जागेत
जराशी थांबली, आपण होऊन.

खाली काहीतरी वळलं, सीगवार्ट म्हणतो.
हाताएवढं रुंद, रुपेरी, एकदाच.
आयविंड म्हणतो, ऊन होतं ते.
मला विचारू नका.
मी माशीकडे बघत होते.