तीन अक्षरं

पत्रा आला तो मोडीच्या भावात.
गुजरीमागनं अण्णू पोरेचा फोन:
"सर, तांबं जुनं दिसतंय, वर मुंग्या चालल्यागत कायबाय कोरलंय,
वितळवायच्या आत बघून जावा."
दोन किलो तीनशे ग्रॅम.
कडीचं भोक आहे, कडी नाही.
राजमुद्रा कुणाच्या तरी बंबात गेली असणार.
कुठून आला, त्याला ठाऊक नाही.
वजनात लागून आला.

चिंचेचं पाणी, मऊ कुंचला, आणि वाट बघणं.
ब्रह्मपुरीकडच्या खिडकीतून ऊन तिरपं येतं
तेवढ्या पाऊण तासात अक्षरं उठून बसतात,
मग पुन्हा आडवी होतात.

तहसीन शिकलगार भिंग धरते. एम. ए. दुसरं वर्ष.
तिचे आजोबा अजून सायकल उभी करून पायडल मारतात,
दगडाचं चाक फिरतं, विळीला धार येते.
ती वाचते, मी उतरवून घेतो.
सातव्या ओळीत थांबली.
"ता," म्हणाली. मग "जि."
तिसरं अक्षर दोघांनाही दिसत होतं,
दोघांनाही येत होतं.
खाली भाजीवाला मेथीचा भाव सांगत गेला.

"क," ती म्हणाली शेवटी.
"ताजिक. म्हणजे अरब ना, सर?"

हो. सिंधेतून निघालेली फौज.
कच्छ, सौराष्ट्र तुडवत दक्षिणेच्या वाटेला लागलेली
आणि कुठल्याशा नदीकाठी मागं फिरवलेली.
ते सगळं इथं एकाच समासात आहे:
लखलखत्या तलवारी, हत्तींची फुटलेली गंडस्थळं,
नगाऱ्यावर नाचणारी धडं.
म्हणताना श्वास पुरत नाही.
विग्रह करायला बसावं
(विग्रह म्हणजे लढाईसुद्धा, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो,
दरवर्षी कुणी हसत नाही)
तर एक एक पद सुटं होतं,
माणूस एकही हाती लागत नाही.

खरं तर पत्रा लढाईचा नाहीच.
एका शेताचा आहे.
पूर्वेला ओढा. दक्षिणेला वारूळ.
पश्चिमेला कुंभाराची भट्टी, उत्तरेला दोन बोरी.
लढाई नुसती देणाऱ्याची ओळख करून द्यायला.

"मेलेल्यांची नावं?"
"नाहीत."
"त्यांच्यातल्या कुणाची?"
"त्यांच्यातल्याही नाही, आपल्यातल्याही नाही,"
मी म्हणालो, आणि तो 'आपल्यातल्या'
पाहुण्यासारखा खोलीत उभाच राहिला.
त्याला बस म्हणायचं कुणी, ते ठरेना.
तिनं पिशवीतली छोटी सुरी काढली,
पेन्सिलीला टोक केलं.
फार सुरेख टोक.

संध्याकाळी नरहरभावजी आले, माझं वर्षफळ घेऊन.
मुंथा अष्टमात, शनीशी इत्थशाल,
साठी उलटलीय, गुडघे जपा.
"ही कुठली पद्धत, भावजी?"
"ताजिक," ते म्हणाले, बशीत चहा ओतत.
"आपली जुनीच."
मला इतकं हसू आलं की ते रागावून गेले.

रात्री ठसा टेबलावर वाळत होता.
काळ्या शाईत पांढरी अक्षरं.
सातवी ओळ पुन्हा बघितली, घरच्या साध्या भिंगातून.
'ता'चा काना मागाहून घातलाय,
दोन अक्षरांच्या फटीत अंग चोरून उभा.
'जि'च्या खाली आधी काहीतरी दुसरंच कोरलं होतं,
हातोडीनं ठोकून सपाट केलेलं.
बाकी छत्तीस ओळींत कुठं खाडाखोड नाही.

शेवटी नाव आहे: सोनार बाउव, द्रोणाचा मुलगा, यानं कोरलं.
राजाची बिरुदं त्याच्या हाताला पाठ असणार.
हे तीन अक्षरांचं
पहिल्यांदाच आलं असेल.
तोही इथंच थांबला होता,
छिन्नी उचलून, कुणाला तरी विचारत,
की ते लोक स्वतःला
नेमकं काय म्हणवतात.