चौकटीवरचं कापड

कडक भाकरी अयोध्येपर्यंत टिकली.
म्हणजे थायलंडातल्या, अयुथ्थयापर्यंत.
तिथं, डोकी उडवलेल्या बुद्धांच्या रांगेसमोर
शमीमनं पिशवी उघडली तर आत नुसता चुरा
आणि शेंगाचटणीचं तेल रेवणच्या पासपोर्टवर.
दोन्ही कालवून तळव्यावरच खाल्लं आम्ही.
"गड्ड्यात बसल्यागत वाटलालंय बे," रेवण म्हणाला
आणि कुणी हसलं नाही, कारण वाटत होतंच तसं.

चौघं होतो. तीन सॅक धड, एकीची चेन तुटकी,
आणि लच्चू गुंडेटीच्या सॅकवर
सुतळीनं आवळलेली चादर, लाल-काळी, मोरांची.
"अरे, तिथंपण उकडतंय आपल्यासारखंच,"
स्टेशनवर मी म्हणाले होते.
"नान्नानी दिलीय." बास, एवढंच.

त्यांच्या मागावरच्या शेवटच्या बीमची ती चादर.
पुढच्या आठवड्यात माग गेले, किलोच्या भावानं,
आणि त्याच पैशातून लच्चूचं तिकीट आलं.
हे आम्हाला नंतर कळलं. फार नंतर.

अंकोरला पहाटे सगळं जग तळ्याकाठी उभं,
मनोऱ्यांकडे फोन रोखून.
लच्चू नाही.
सापडला आत, एका दाराच्या चौकटीशी,
दगडाला नाक लावून.
"कापडाय हे," म्हणाला.

आम्हाला दिसत होती वेलबुट्टी,
गोल, गोलात पाखरू, शेजारी आणखी एक गोल.
त्याला रिपीट दिसत होता.
"इथं डिझाईन संपतंय. इथनं परत सुरू.
ह्यानं पडदा लावलाय बघ दाराला, दगडाचा.
आणि हितं चुकलाय. एक घर सुटलंय."
नऊशे वर्षांपूर्वीची चूक
लच्चूच्या नखाखाली.

शिट्टी वाजली. पहारेकरी धावत आला,
हात लावायचा नाही, हातानंच सांगू लागला.
मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू,
चौघांत मिळून चार भाषा
आणि कामाची एकही नाही.
मग लच्चूनं हवेतच धोटा फेकला,
उजवीकडून डावीकडे, तोंडानं खटाक.
पुन्हा खटाक.
त्या माणसाचा चेहरा सैलावला.
गळ्यातला चौकड्याचा पंचा काढून त्यानं
आधी मूल जोजवल्याची खूण केली,
मग स्वतःकडं बोट,
मग तेच: खटाक.

पुढचं मी नीट पाहिलं नाही.
ऊन वर आलं होतं, शमीम फोटोसाठी ओरडत होती.
परतताना टुकटुकमध्ये
लच्चूच्या सॅकवरची सुतळी नुसतीच लोंबत होती.

सोलापूर. मे. दुपारचे अडीच.
अशोक चौकामागच्या त्या खोलीत
फरशीवर चार काळे चौकोन, तेल मुरलेले;
माग गेले, डाग कुणी विकत घेत नाही.
चौकोनांवर पाय पडू न देता आम्ही बसलो.
"दुप्पटी एक्कडा?" नान्नांनी विचारलं.
लच्चूनं पंचा पुढं ठेवला.

रेवण मोबाईलवर मनोरे दाखवत राहिला,
तळं, तळ्यातले मनोरे, दगडी हसरे चेहरे.
नान्ना बघेनात.
उठून कपाटातून पितळेचं घडीचं भिंग काढलं,
पंच्याच्या कोपऱ्यावर टेकवलं, एक डोळा मिटला
आणि सुईच्या टोकानं धागे मोजायला लागले.

पंखा गरगरत होता.
पलीकडच्या गल्लीत कुणाचा तरी माग अजून चालू होता.

"हातमागाय," म्हणाले.
मग बऱ्याच वेळानं,
"हितं वीण सैल पडलीय.
मधेच उठलीय बाई. पोरगं रडलं असंल."

लच्चूनं तोंड उघडलं,
त्या चौकटीवर सुटलेल्या घराचं सांगायला.

"थांब," नान्ना भिंगातूनच म्हणाले,
"मोजू दे."
आणि पुन्हा एकपासून.