भोपळ्याचा तारा

पूर ओसरला तेव्हा
कृष्णाघाटावरच्या बाभळीत
गेल्या नाताळातला तारा अडकलेला दिसला.
लाल, चमचमता, पाचातली तीन टोकं शाबूत,
पोटात गाळ.
एस्तेरमावशी म्हणाली, "आपलाच गं हा.
कडेला बघ, मी लावलेली चिकटपट्टी."

धुऊन घरी आणला.
ऑगस्टपासून कपाटावर बसून आहे,
एखाद्या पाहुण्यासारखा,
ज्याला विचारता येत नाही
कधी निघणार म्हणून.

एकदा आमोस नकाशा पसरून बसला.
मिरजेवर बोट ठेवलं
आणि नदीबरोबर चालवत नेलं,
वाडीपर्यंत, मग कर्नाटकात,
धरणं आली तिथं जरा थबकलं,
आणि शेवटी उजवीकडच्या निळ्यात बुडालं.
"म्हणजे आपला समुद्र हा?"

कुणी काही बोललं नाही.
आम्ही समुद्र म्हटलं की रत्नागिरीची एसटी धरतो,
आंबा घाटात ओकत,
दोन दिवस पाय भिजवतो, शंख वेचतो, परत येतो.
एका समुद्रात न्हायचं
आणि कचरा धाडायचा दुसऱ्याला,
ज्याचं तोंडही कधी पाहिलं नाही.

डिसेंबरात मावशीनं गव्हाणीचं खोकं काढलं.
वर थर्माकोलचा बर्फ.
"मिरजेत कधी पडला होता गं बर्फ?"
तो पुन्हा पिशवीत गेला, पिशवी माळ्यावर.
खाली शाळूचा कडबा अंथरला.
मेंढरं प्लास्टिकची, तीस वर्षांची,
एकीचा कान उंदरानं नेलेला.
ती राहिली.
"आहे ते टाकायचं म्हणजे पुन्हा नदीच की."

ताऱ्याचं मात्र अडलं.
मग मी सतारमेकर गल्लीत गेले.
दस्तगीरभाईंनी कोपऱ्यातून एक भोपळा ओढला,
तडा गेलेला, तंबोऱ्यातून बाद झालेला.
बोटानं टकटक करून माझ्या कानाशी धरला.
"आवाज धरत नाही हा.
उजेड धरतोय का बघा."
बारीक सामत्यानं भोकं पाडून दिली.
पैसे घेतले नाहीत,
करंज्या मात्र आठवणीनं मागितल्या.

चोवीस तारखेला गाणी म्हणत मंडळी दारात आली.
सॅमसनमामांनी वर पाहिलं,
"का गं, यंदा तारा परवडला नाही?"
कागदी कप नाहीत म्हटल्यावर
मावशीनं नर्सेस क्वार्टरमधून कपबशा आणवल्या,
एक्केचाळीस कप, बत्तीस बश्या.
प्रार्थना झाली, चहा झाला,
आणि मोरीत कप विसळायला
मामांसकट चार पुरुष उकिडवे बसले.
पाळकबाईंनी मोबाइलवर फोटो काढून ठेवला,
पुढं कामाला येईल म्हणून.

भोपळा व्हरांड्यात टांगला होता.
खरं सांगायचं तर
भिंतीवर तारा काही उमटला नाही.
नुसते ठिपके पडले, वाऱ्यानं हलणारे,
शेजारच्या घराच्या चुन्यावर,
उभ्या सायकलींवर,
मामांच्या टकलावर.
आमोस त्या ठिपक्यांत हात बुडवत राहिला.
"पाण्याखाली असंच दिसत असेल," म्हणाला.
त्यानं पाण्याखाली पाहिलंय ते फक्त पुरात,
आमचं स्वयंपाकघर.

आता जानेवारी.
भोपळा दस्तगीरभाईंनी परत मागितलाय,
पुढच्या वर्षासाठी आणखी भोकं पाडायला.
लाल तारा कपाटावरच आहे.
टाकायचा तर कुठं टाकणार?
टाकणं म्हणजे
खालच्या अंगाला कुणाच्या तरी दारात नेऊन ठेवणं.
मावशी रोज भिंतीवरचा क्रूस पुसते
आणि त्याच फडक्यानं,
काही न बोलता,
त्याचीही तीन टोकं पुसते.